गिंझातल्या हॉटेलात राहताना : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर टोकियोच्या पूर्वेला, निशी-कासाईत. इथे भारतीय इतके की रविवारी सकाळी जिन्यात कुणाच्या तरी फोडणीचा वास हमखास येतो. पण घर दोन खोल्यांचं. त्यामुळे सासर-माहेरचं कुणी आलं की आधी चार दिवस आमच्याकडे आणि शेवटचे दोन-तीन दिवस गिंझातल्या एखाद्या बऱ्या हॉटेलात, असा आता रिवाजच पडलाय. खरेदी तिथेच व्हायची असते, आणि सासूबाईंच्या भाषेत, 'आलोच आहोत तर बघू तरी'. मग मला फोन सुरू होतात, आणि प्रश्न तेच ते. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. अगदी महागड्या पंचतारांकित हॉटेलांबद्दल हे नाही, आणि स्टेशनसमोरच्या स्वस्त बिझनेस हॉटेलांबद्दलही नाही. मधल्या, जरा वरच्या बाजूच्या हॉटेलांबद्दल आहे.

गिंझाच का? शिंजुकूला जास्त मजा असते म्हणे.

असते ना, पंचविशीत असाल तर. शिंजुकू हे जगातलं सगळ्यात गर्दीचं स्टेशन. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथे योग्य दारातून बाहेर काढणं हाच एक दिवसाचा कार्यक्रम होतो. गिंझा सपाट आहे, रस्ते काटकोनात, फुटपाथ रुंद. १६१२ मध्ये इथे चांदीची नाणी पाडणारी टांकसाळ आली, त्यावरून हे नाव पडलं. १८७२ च्या आगीनंतर सरकारने इथे विटांच्या इमारती आणि आखीव रस्ते बांधले, त्या आखणीचा फायदा आपल्या पायांना आजही होतो. शनिवार-रविवारी दुपारी बारापासून चुओ-दोरी हा मुख्य रस्ता गाड्यांना बंद असतो, उन्हाळ्यात सहापर्यंत आणि थंडीत पाचपर्यंत. भर रस्त्यात खुर्च्या मांडलेल्या असतात. तिथे बसून वाको या दुकानाच्या इमारतीवरचं १९३२ सालचं घड्याळ बघत आइस्क्रीम खाण्याला पैसे पडतात ते फक्त आइस्क्रीमचे.

आणि रात्री नऊनंतर खरेदीचे रस्ते शांत होतात. झोप चांगली लागते.

नकाशा म्हणतो हॉटेल इथेच आहे. पण हॉटेल कुठंय?

वर बघा. गिंझातली जमीन इतकी महाग की तळमजला दुकानाला जातो आणि हॉटेलच्या वाट्याला एक अरुंद दार आणि लिफ्ट येते. मित्सुई गार्डन हॉटेल गिंझा प्रीमियरची लॉबी सोळाव्या मजल्यावर आहे. मुजी हॉटेलची सहाव्या मजल्यावर, खाली सगळं मुजीचं दुकान. मामेसासरे एकदा आपल्याच हॉटेलच्या दारावरून तीनदा पुढे गेले, कारण ते दरवान शोधत होते. इथे दरवान सहसा नसतो. लॉबीत एक आणि खोल्यांकडे जायला दुसरी, अशा दोन वेगळ्या लिफ्ट असतात, आणि दुसऱ्या लिफ्टला खोलीचं कार्ड टेकवल्याशिवाय ती हलत नाही.

खोली खरंच एवढीशी असते?

हो. अठरा-वीस चौरस मीटर म्हणजे गिंझात ऐसपैस. दोन मोठ्या बॅगा एकाच वेळी जमिनीवर उघडता येतील अशी आशा ठेवू नका. पाळी लावून उघडायच्या. बुकिंग करताना शब्द नीट वाचा. 'सेमी-डबल' म्हणजे साधारण १२० सेंटीमीटर रुंदीचा एकच पलंग, त्यावर दोन माणसं. नवीन लग्न झालेल्यांसाठी ठीक. 'डबल' म्हणजे १४० च्या आसपास, तरी पलंग एकच. आई-बाबांसाठी कायम 'ट्विन' घ्या, त्यात दोन सुटे पलंग असतात.

दर खोलीचा असतो की माणशी?

हीच मोठी मेख आहे. जपानी हॉटेलं बहुधा माणसं मोजून दर लावतात. एकट्याच्या नावावर बुकिंग करून दोघं जाणं म्हणजे चोरी पकडली जाण्यासारखं आहे; काउंटरवरची मुलगी हसतमुखाने दोन नोंदणीपत्रं पुढे करते आणि फरक वसूल करते, खोली शिल्लक असली तर. किती माणसं, किती वर्षांची, हे आधी खरं खरं सांगा.

वरून टोकियोचा मुक्काम-कर आहे, २००२ पासून. माणशी रात्रीचा दर दहा हजार येन किंवा वर गेला की शंभर येन, पंधरा हजार आणि पुढे दोनशे. बुकिंगच्या वेळी हा बहुतेकदा धरलेला नसतो, काउंटरवर रोख किंवा कार्डाने घेतात. फसवणूक नाही ती. शनिवारची रात्र सगळ्यात महाग, रविवारची बरीच स्वस्त. साकुरा म्हणजे चेरीच्या बहराचा काळ, मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा, आणि गोल्डन वीक म्हणजे लागोपाठ सुट्ट्यांचा, २९ एप्रिल ते ५ मे, या काळातले दर बघून चक्कर येते. दिवाळीच्या सुट्टीत या. हवाही छान असते.

नातवंडं बरोबर आहेत. त्यांचे पैसे पडतात का?

आई-बापाच्या पलंगावर झोपणार असतील तर लहान मुलांचे बहुधा नाही. याला 'सोइने' म्हणतात. कुठे शाळेत जाण्याआधीच्या वयापर्यंत, कुठे बाराव्या वर्षापर्यंत. प्रत्येक हॉटेलचा नियम वेगळा. न्याहारीचे मात्र वेगळे पैसे. पलंगाची कड भिंतीला लावून द्या, असं आधी कळवलं तर बहुतेक ठिकाणी लावून देतात.

चेक-इन तीनला, आणि आमचं विमान सकाळी आठला उतरतंय. लवकर खोली देतील का? थोडं बोलून बघितलं तर?

बोलून बघू नका. आपल्याकडे 'अहो बघा ना जरा' या वाक्यात मोठी ताकद आहे, इथे शून्य. तीन म्हणजे तीन. खोली तयार असली तरी तीन. पण बॅगा सकाळी आठलाही आनंदाने ठेवून घेतात, त्याचे पैसे नाहीत, आणि तीननंतर याल तेव्हा बऱ्याच ठिकाणी त्या खोलीत नेऊन ठेवलेल्या असतात. आधी कळवलंत आणि तासागणिक पैसे भरायची तयारी असली तर लवकर खोली मिळूही शकते. इथली सगळी गंमत या 'आधी' शब्दात आहे. तीन दिवस आधी ई-मेलवर मागितलेली गोष्ट हे लोक जिवाचं रान करून मिळवतात. तीच गोष्ट काउंटरवर उभं राहून मागितली की समोरचा माणूस दातांतून श्वास आत ओढतो, 'स्स्स्...', आणि मान किंचित तिरकी करतो. तो नकार असतो. 'नाही' हा शब्द ऐकायची वाट बघत उभे राहू नका.

पासपोर्टची प्रत घेतात, प्रत्येकाची. जपानात पत्ता नसलेल्या परदेशी पाहुण्यांसाठी हा नियमच आहे. तेव्हा पासपोर्ट मोठ्या बॅगेच्या तळाशी शिवून ठेवू नका. कार्ड थेट हातात न घेता छोट्या ट्रेमध्ये ठेवायला सांगतात, दोन्ही हातांनी उचलतात, दोन्ही हातांनी परत देतात. तुम्हीही तसंच घ्या, बरं दिसतं.

नावांची गंमत वेगळीच. जपानीत 'ल' आणि 'र' वेगळे नाहीत, 'ळ' तर नाहीच. आमच्या ओळखीचे काळे इथे 'कारे-सामा' होतात, आणि आमटीवजा करीला जपानीत 'कारेऽ' म्हणतात. त्यांनी आता वाईट वाटून घेणं सोडून दिलंय.

बाथरूम कशी असते? पाण्याची सोय?

हा प्रश्न सगळे आडून आडून विचारतात, मी सरळ उत्तर देते. कमोडला धुण्याची सोय असते, कोमट पाण्याची, आणि बैठक थंडीत गरम असते. टोटो कंपनीने १९८० मध्ये 'वॉशलेट' आणलं, तेव्हापासून ते देशभर पसरलंय. डबा, मग, टिश्यू ही चिंता घरी ठेवून या. फक्त बटणं दाबण्याआधी एकदा बघा: चौकोनी खुणेचं बटण म्हणजे 'बंद'. ते कुठंय हे बसण्याआधी शोधून ठेवा. काकांनी उठून उभं राहत बटणं दाबून बघितली होती. भिंत ओली झाली, काकाही.

आंघोळीचा प्रकार मात्र बुकिंग करतानाच तपासा, कारण बाथरूम दोन तऱ्हांच्या असतात. एक 'युनिट बाथ': कमोड, बेसिन आणि टब एकाच साच्यातल्या डब्यात. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकसाठी हॉटेल न्यू ओतानी घाईने उभं करायचं होतं, तेव्हा टोटोने हजारावर बाथरूम कारखान्यात तयार करून नुसत्या बसवल्या, तिथून हा प्रकार रुजला. यात आंघोळ टबातच उभं राहून करायची, पडद्याचं टोक टबाच्या आत घेऊन. टबाची कड बरीच उंच असते. पंच्याहत्तरीच्या बाईला ती ओलांडताना बघवत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे टबाच्या बाहेर वेगळी मोरी असलेला, तिला 'अराइबा' म्हणतात. तिथे एक बुटकं स्टूल, एक छोटी बादलीवजा पाटी, हातात धरायचा शॉवर, आणि फरशीला उतार. म्हणजे आपलं न्हाणीघरच की! आईने ते बघितलं आणि पहिल्यांदाच म्हणाली, 'हे लोक शहाणे आहेत.' स्टुलावर बसून ती पाऊण तास न्हायली. शोधताना 'धुण्याची वेगळी जागा असलेली बाथरूम' असं हॉटेलला विचारा. थोडे जास्त पैसे पडले तरी वडीलधाऱ्यांसाठी खर्च करायचा तर यावर करा, वरच्या मजल्यावरच्या देखाव्यावर नको.

नळाचं पाणी पिण्याचंच असतं. बाटल्या विकत घेऊ नका.

टूथब्रश, कंगवा खोलीत नव्हता. विसरले का?

नाही. लॉबीत लिफ्टजवळ एक मांडणी असते, तिथून लागेल तेवढं उचलायचं. प्लास्टिक कमी करण्याचा कायदा एप्रिल २०२२ मध्ये लागू झाला, तेव्हापासून बहुतेक ठिकाणी अशी पद्धत आहे. लागेल तेवढं, म्हणजे लागेल तेवढं. शेजारणीसाठी दहा दाढीची रेझर नेऊ नयेत. हे मला लिहावं लागतंय.

हॉटेलात सामुदायिक स्नानगृह आहे. जावं का?

जावं. आधी बसून स्वच्छ आंघोळ, मग गरम पाण्यात बसणं. अंगावर काही नसतं, पोहण्याचा पोशाखही नाही. बायका-पुरुषांच्या जागा वेगळ्या. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. पहिली पाच मिनिटं संकोच, नंतर कुणी कुणाकडे बघत नाही हे कळतं. गोंदण असेल तर आधी विचारा, अनेक ठिकाणी चालत नाही. आजीच्या हातावरचं तुळशीवृंदावनसुद्धा त्यात येऊ शकतं, पट्टी लावून झाकलं तर काही जागी सोडतात.

खोलीत युकाता म्हणजे सुती झगा ठेवलेला असतो, तो घालताना डावी बाजू उजवीच्या वर. उलटं फक्त मृतदेहाला नेसवतात. आणि गिंझातल्या बऱ्या हॉटेलात तो घालून लॉबीत किंवा न्याहारीला जायचं नाही.

आम्ही शाकाहारी. न्याहारी घ्यावी का?

पूर्ण अभ्यास करूनच. न्याहारीच्या बुफेला इथे 'बाइकिंगु' म्हणतात, म्हणजे व्हायकिंग. गिंझाला लागूनच असलेल्या इंपिरियल हॉटेलने १९५८ मध्ये या नावाने जपानातला पहिला बुफे सुरू केला, ते नावच पुढे सगळीकडे लागलं. मांडणी बघून डोळे निवतात. प्रश्न दिसणाऱ्या मांस-माशांचा नाही, न दिसणाऱ्या 'दाशी'चा आहे. दाशी म्हणजे सुकवलेल्या बोनितो माशाच्या पापुद्र्यांचा किंवा छोट्या सुक्या मासळीचा अर्क. मिसो सूपमध्ये तो असतो, उकडलेल्या भाज्यांत असतो, अंड्याच्या गोडसर वडीतही असतो. नुसत्या तोफूवर तपकिरी रंगाचा हलणारा भुगा दिसला तर तोही मासाच. आणि 'मांस नको' म्हटलं की जपानी माणसाच्या डोक्यात मासा येतच नाही. तो प्रेमाने मासा आणून देतो.

म्हणून हे पाठ करा: 'निकु मो साकाना मो ताबेमासेन. कात्सुओ-दाशी मो दामे देस.' मांस आणि मासे खात नाही, बोनितोची दाशीही चालत नाही. बुकिंगनंतर हेच ई-मेलने कळवा, आणि न्याहारीत कशाकशात दाशी आहे ते लिहून मागा. एका हॉटेलने आम्हाला पदार्थांची यादी खुणा करून पाठवली होती, एकेका पदार्थासमोर गोल किंवा फुली. गोल म्हणजे चालेल. यादी लांब होती. गोल सात. त्यातले तीन फळांचे.

दूध, दही, फळं, पाव, सॅलड आणि पांढरा भात एवढ्यावर माणशी तीन-चार हजार येन घालवायचे का, हे तुमचं तुम्ही ठरवा. माझा सल्ला, न्याहारीविना खोली घ्या. किमुरायाचा आनपान खा. ही बेकरी १८६९ पासूनची, आणि लाल चवळीसारख्या दाण्यांच्या गोड पुरणाचा तो पाव पुरणपोळीच्या माणसाला लगेच आवडतो. मित्सुकोशी आणि मात्सुया या मोठ्या दुकानांच्या तळघरात खाण्याचा बाजार असतो. बंद होण्याआधीच्या तासाभरात डब्यांवर सवलतीची चिकटपट्टी लागते. ते आणून खोलीत खायला काही हरकत नाही.

मांसाहारी असाल तर काबुकी-झा नाट्यगृहाजवळ 'नायर' मध्ये जा. रासबिहारी बोस यांचे सहकारी ए. एम. नायर यांनी १९४९ मध्ये ते सुरू केलं. तिथे गडी कोंबडीची तंगडी तुमच्यासमोर हाडापासून सोडवतो आणि भात-बटाट्यात मिसळून खा म्हणून बजावतो.

छोटा इलेक्ट्रिक कुकर आणतोय. खोलीत खिचडी?

नका आणू. एक तर मनाई असते. दुसरं, जपानात वीज १०० व्होल्टची. २३० चा कुकर तुमच्याकडे केविलवाणं बघत कोमट होतो. आमच्या एका नातलगांनी तरी लावला. दीड तासात तांदूळ भिजले. तेवढ्यात हिंगाचा वास मजलाभर गेला आणि काउंटरवरून अतिशय नम्र फोन आला, 'काही अडचण आहे का?' खोलीत पाणी उकळायची किटली असतेच, तयार पोहे-उपम्याची पाकिटं आणा. उदबत्तीही नको. प्लगला दोन चपट्या पट्ट्या लागतात. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर नुसत्या अ‍ॅडॉप्टरवर चालतात, केस सरळ करायचं यंत्र चालेलच असं नाही.

टीप किती द्यायची?

काही नाही. उशीखाली ठेवलीत तर दुसऱ्या दिवशी ती टेबलावर नीट मांडलेली दिसेल.

संध्याकाळी तुम्ही सगळे आमच्या खोलीवर या ना, गप्पा मारू.

येता येत नाही हो. नोंद नसलेल्या माणसाला खोलीत नेता येत नाही, सख्खी लेक असली तरी. लॉबीत भेटू किंवा खालच्या कॅफेत. पहिल्या वेळी बाबा यावर खूप चिडले होते, 'पैसे मी भरलेत' वगैरे. काउंटरवरच्या मुलाने इतक्यांदा वाकून माफी मागितली की शेवटी बाबांनीच त्याची समजूत घातली.

खरेदी झाली, बॅगा वाढल्या. पुढे क्योतोला जायचंय.

बॅगा काउंटरवर द्या आणि 'ताक्क्युबिन' म्हणा. घरपोच सामान पोहोचवणारी ही सेवा यामातो कंपनीने १९७६ मध्ये सुरू केली. फॉर्म तेच भरतात, बॅग सहसा दुसऱ्या दिवशी क्योतोच्या हॉटेलात. बॅगेमागे दोन-तीन हजार येन. शिनकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटीमीटरपेक्षा मोठ्या बॅगेला वेगळं आरक्षण लागतं, ती कटकटही वाचते. विमानतळावर पाठवायच्या असतील तर दोन दिवस आधी द्या.

करमुक्त खरेदीचं एक लक्षात ठेवा. आजवर दुकानातच कर वजा होत होता; १ नोव्हेंबर २०२६ पासून आधी पूर्ण पैसे भरायचे आणि परत जाताना विमानतळावर माल दाखवल्यावर परतावा, अशी पद्धत होतेय. म्हणजे त्या वस्तू ताक्क्युबिनने पुढे पाठवून मोकळं होता येणार नाही, कस्टम्सच्या आधी हाताशी हव्यात.

भूकंप झाला तर?

फोन कर्कश ओरडतो, मग हलतं. खिडकीपासून लांब, उशी डोक्यावर, थांबेपर्यंत थांबा. जिना उतरून पळू नका, लिफ्ट आपोआप थांबतात. नव्या उंच इमारती मुद्दाम झुलतील अशाच बांधतात, त्यामुळे वरच्या मजल्यावर बोटीत बसल्यासारखं होतं. पलंगाजवळ भिंतीला एक टॉर्च अडकवलेला असतो, खाचेतून काढला की आपोआप पेटतो. पोरांना तो काढू देऊ नका.

जुनी बॅग, नको असलेले कपडे खोलीत टाकून आलं तर चालेल ना?

नाही. कचऱ्याच्या डब्यात आहे तेवढाच कचरा, बाकी सगळं 'विसरलेलं सामान', असा इथला हिशोब. जुनी बॅग टाकायची तर काउंटरवर सांगून कागदावर सही करा, कुठे थोडे पैसे घेतात.

गेल्या वर्षी आई परत गेली, आणि चार दिवसांनी मला हॉटेलचा ई-मेल आला. पाहुण्यांचं सामान राहिलंय, मोजून एक नग. सोबत फोटो. पांढऱ्या कापडावर मधोमध ठेवलेली खोबरेल तेलाची निळी बाटली, तळाशी बोटभर तेल, बाजूला मापाची पट्टी. 'किती काळ जपून ठेवू?' मी आईला फोन केला. ती म्हणाली, 'अगं, टाकूनच आले होते ती.' तसं कळवायला मला लाज वाटली. शनिवारी गिंझाला गेले आणि सही करून बाटली घरी आणली.